‘उचल्या’ आणि रक्ताचा सिद्धान्त

मंठ्याच्या आठवडी बाजारात पारध्याची बाई शेजारी येऊन बसली, की माणसे पिशवी दुसऱ्या हातात घेतात. मीही घेतो. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले : ‘त्यांच्या रक्तातच आहे.’ लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) पहिल्यांदा वाचले, तेव्हा चोरीच्या प्रसंगांशेजारी समासात मीही पेन्सिलीने ‘रक्त’ असे लिहून ठेवले होते. (पारधी वेगळे, उचले वेगळे, पण बाजाराला तो फरक कळत नाही.) यंदा उन्हाळ्यात पुस्तक पुन्हा काढले आणि त्या शब्दाची लाज वाटली.

या आत्मकथनाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले; त्यातले माझ्या वाचनात आलेले बहुतेक लेखन बोली, दाहक अनुभव आणि व्यथा याभोवती फिरते. आनुवंशिकता की परिस्थिती, या वादात मात्र पुस्तकाची साक्ष कोणी काढलेली मला आढळली नाही. ती मोठी पक्की साक्ष आहे. वस्तीतल्या पोरांना खिसा मारायला शिकवावे लागते. पोलिसांच्या हाती लागल्यावर तोंड उघडू नये, म्हणून घरचीच माणसे त्यांना आधी मारून मारून तयार करतात. रक्तातच असते, तर ही शिकवणी कशाला लागली असती? माशाच्या पिलाला पोहायला शिकवताना कोणी छडी घेत नाही.

मग ‘परिस्थिती’ म्हणून मोकळे व्हावे, तर तेही जमत नाही. लातूरजवळच्या धनेगावातल्या त्याच घरातले भाऊ चोरीच्या धंद्यात गेले आणि लक्ष्मण शाळेत गेला. आईबाप तेच, झोपडी तीच. फरक पडला तो बापाच्या एका निर्णयाने. आणि या निर्णयालाही वस्तीचा विरोध झाला. पोरे आजारी पडली, तर खापर शाळेवर फुटले. बापाला हे धाडस कुठून आले, याचा शोध लेखक घेत नाही. पुस्तकातली ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. उत्तरार्धातील चळवळीच्या हकिगतींना जेवढी पाने दिली, त्यातली थोडी बापाला द्यायला हवी होती.

आपण परिस्थिती म्हणजे वस्ती समजतो. पोलीस पाटलाची वही त्यात धरत नाही. १८७१च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११च्या कायद्याने हे जाळे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरले. त्यामागचा तर्क जातीच्या हिशेबाचा होता : सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. तिकडे गाल्टनने १८६९मध्ये इंग्रज न्यायाधीशांच्या घराण्यांवरून बुद्धी वारशाने येते असे मांडले होते. न्यायाधीशाला बुद्धीचा वारसा, इथल्या भटक्याला चोरीचा! ज्याला गाव सोडताना परवानगी लागते, त्याला मजुरी कोण देणार? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशयाला नवे नाव मिळाले.

जनुकांचा वाटा मी नाकारत नाही. माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक असतो, त्यात वारसा असतो हे जुळ्यांच्या अभ्यासांनी दाखवले आहे. पण आमच्या शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट शिकलेली माणसे विसरतात. सरमिसळ बियाणे एकाच वावरात पेरले, तर दोन झाडांतला फरक बियाण्याचा असू शकतो. तेच बियाणे एका मुठीने काळ्या रानात आणि दुसऱ्या मुठीने मुरमाड माळावर टाकले आणि माळावरचे खुरटले, तर बियाण्याला दोष देता येत नाही. ‘खाण तशी माती’ म्हणणारी आपली भाषाच ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असेही म्हणते. पहिली म्हण आपण दुसऱ्याच्या पोराला लावतो, दुसरी स्वतःच्या.

समासातला ‘रक्त’ हा शब्द मी खोडलेला नाही. शेजारी ‘कोणी शिकवले?’ एवढे लिहिले आहे. पिशवी दुसऱ्या हातात घ्यायला मला आईने शिकवले होते, याच बाजारात, मी सहा-सात वर्षांचा असताना. त्यासाठी तिला मला मारावे लागले नाही.