रामोशी : राखणदार कीं चोर?

कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांचा रामोशांवरील इंग्रजी ग्रंथ १८३३ त मुंबईस छापला गेला. सातारा-सांगलीकडील दप्तरें चाळणारास तो टाळतां येत नाहीं. त्यांतील माहिती विपुल आहे. परंतु मांडणी सदोष आहे. जातीची उत्पत्ति व स्थिति सांगतांना ग्रंथकारानें उमाजी नाइकाचें चरित्रहि त्यांतच गोंविलें. त्यामुळें १८३२ त फांशीं गेलेल्या एका पुरुषाचें बंड हा सबंध जातीचा स्वभाव भासूं लागतो.

वस्तुतः जुन्या गांवगाड्यांत रामोशी हा राखणदार. चोरीचा माग त्यानें पुढील गांवच्या शिवेस नेऊन भिडवावा, न भिडल्यास नुकसान भरावें, आणि या जोखमीबद्दल हक्क घ्यावा, अशी वहिवाट असे. खुद्द उमाजीसहि कंपनी सरकारनें कांहीं काळ चाकरीस ठेविलें होतें. राज्य पालटलें, राखणीचे हक्क ढासळले. आणि ज्याच्या भरंवशावर गांव निजे, त्याच्याच नांवानें गांव दचकूं लागलें. माणूस तोच, पालटली ती त्याची वृत्ति व तिच्यामागोमाग लोकमत.

१८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनीं अशा लोकमतास सरकारी शिक्का दिला. ते कायदे १९५२ त रद्द झाले. आज रामोशी विमुक्त जातींत गणले जातात. परंतु कायदा पुसला म्हणजे मनांतील ग्रह पुसतोच असें नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, रुमालांत रामोशाचें नांव दिसतांच तो कागद 'चोरी-दरोडे' या सदरांत ढकलूं नये. आधीं राखणीचा हक्क पाहावा, मग मॅकिंटॉश वाचावा.