‘आपला माणूस’: एका सिद्धांताची तपासणी

आज हेन्री ताजफेल यांच्या सिद्धांताची तपासणी करू. त्यांचा प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाला. ब्रिस्टलची शाळकरी मुलं. क्लीची चित्रं आवडतात की कँडिन्स्कीची, एवढ्या निमित्तानं गट पाडलेले. पैसे स्वतःला घ्यायचे नाहीत, इतरांना वाटायचे. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पुढे १९७९ मध्ये ताजफेल आणि टर्नर यांनी मांडलं: गट मोठा दिसला की मीही मोठा दिसतो, पक्षपाताचं मूळ या आत्मप्रतिमेत आहे.

यावर आक्षेप जपानमधून आला. हाइने आणि लेहमन यांच्या १९९७ च्या अभ्यासात जपानी विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाचं कौतुक कॅनडातल्या विद्यार्थ्यांइतकं केलं नाही. मग असं म्हणायचा मोह होतो की, जिथं ‘मी’ नम्र, तिथं पक्षपातही कमी. आम्हाला हे पटत नाही. का, ते अमरावती-अकोल्यातच पाहू.

वऱ्हाडी माणूस एकीकडे ‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतो, पण रोजच्या बोलण्यात कमीपणाच जास्त: आपल्याकडं काय ठेवलंय, पुण्याकडं बघा! आता याच माणसाच्या हाती एखाद्या संस्थेतली नेमणूक येऊ द्या. अर्जांच्या ढिगातून तो ‘आपला माणूस’ शोधतो. तो हुशार आहे, असा दावाही करत नाही. ‘आपलाच हाय ना बाप्पा, घ्या सांभाळून.’

म्हणजे बघा, आपल्या माणसाला वाखाणणं वेगळं आणि त्याला देणं वेगळं. वाखाणणं आत्मप्रतिमेतून येत असेल. देणं नात्याच्या कर्तव्यातून येतं. म्हणून करणाऱ्याला तो पक्षपात वाटतच नाही. गर्विष्ठाला लाजवता येतं. कर्तव्य केलं म्हणणाऱ्याला कसं लाजवणार?

मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. १९४७ च्या अकोला करारापासून अनुशेषाच्या वादापर्यंत विदर्भानं विचारलं, आमच्या वाट्याचं काय? प्रश्न रास्तच होता. पण घरातल्या वाटणीत, जातीबाहेरच्या उमेदवाराला आपण ‘आपण’मध्ये धरतो का?

पंजाबराव देशमुखांचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. १९२७ मध्ये ते अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या लढ्यात उतरले. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. लोकांची मनं बदलण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पाणी कोणाचं, याचा नियमच बदलला.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच: नम्रतेचे पाठ देऊन पक्षपात जाणार नाही. वाटपाचे नियम उघड आणि सर्वांना सारखे हवेत. ‘आपण’ची व्याप्ती त्यांच्या मागोमाग वाढते.