अबू जाफरच्या घरातली पुस्तके

स्पेनमधल्या मुस्लिम ग्रानादाच्या पाडावाची गोष्ट सांगायला बसलेला कथाकार सहसा सुलतानापासून सुरुवात करील. 1492 मध्ये अल्हंब्रा राजवाडा ख्रिस्ती शत्रूच्या हवाली करणारा राजा, हे चित्र त्याला आयतेच मिळते. इजिप्शियन लेखिका रद्वा आशूर मात्र आपल्या ‘ग्रानादा’ कादंबरीत्रयीत पहिल्यांदा भेट घालून देतात ती अबू जाफरची. हा पुस्तकबांधणीचा कारागीर. त्याला समोरून एक विवस्त्र तरुणी चालत येताना दिसते. तो अंगावरचे लोकरी वस्त्र काढून तिला पांघरतो. तिला भानच नसते. ती पुढे निघून जाते. शरणागतीचा तपशील नंतर येतो, पण शहराचे काय होणार ते वाचकाला इथेच कळून चुकते. 1991 मध्ये बगदादवरचा बॉम्बवर्षाव टीव्हीवर पाहताना ही स्त्री आपल्या मनात उभी राहिली, असे आशूर यांनी सांगितले आहे.

पुढे बाब अर-रम्लाच्या चौकात अरबी ग्रंथांची होळी होते. धर्मगुरू सिस्नेरोसची ही करणी इतिहासात नोंदलेली आहेच. आशूर मात्र ती दाखवतात ज्याने आयुष्यभर पाने शिवली त्याच्या डोळ्यांनी. काही पुस्तके त्याने आधीच लपवलेली असतात. तो स्वतः त्याच रात्री मरतो. त्याची नात सलीमा वाचत राहते, औषधे करू लागते, आणि इन्क्विझिशन हे चर्चचे न्यायालय तिला चेटकीण ठरवून जाळते. पुस्तकांची आग आणि सलीमाची आग यांच्यात कित्येक वर्षे जातात, तरी दुसरी वाचताना पहिलीची धग जाणवते. लेखिका ते कुठेही बोलून दाखवत नाही. या संयमावर माझा फार जीव आहे.

आशूर 1946 मध्ये कैरोत जन्मल्या आणि तिथल्याच ऐन शम्स विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक झाल्या. पती मुरीद बरघूती हे पॅलेस्टिनी कवी. 1977 मध्ये सादात सरकारने बरघूती यांना इजिप्तमधून बाहेर काढले. तेव्हा मुलगा तमीम तान्हा होता, आणि पुढची कित्येक वर्षे संसार दोन देशांत विभागला गेला. अशा बाईने हद्दपारीवर लिहिले यात नवल नाही. 1873 पासूनच्या अरब लेखिकांचा चार खंडांचा कोश सहकाऱ्यांसह संपादित करतानाही त्या अबू जाफरचेच काम करत होत्या, असे मला वाटते.

त्रयीचा तिसरा भाग मला थोडा विस्कळीत वाटतो. त्यात मरियमा नाही, हे त्याचे मुख्य कारण. हजरजबाबी, मायाळू, वेळ पडली तर बेधडक खोटे बोलून घर वाचवणारी ही सलीमाची भावजय दुसऱ्या भागात ग्रानादाबाहेर हाकलली जाते आणि वाटेतच मरते. 1609 मध्ये मुस्लिम वंशाच्या उरलेल्या लोकांनाही देश सोडण्याचा हुकूम होतो. तिचा नातू अली बंदरापर्यंत जातो आणि जहाजाकडे पाठ फिरवतो. या वेड्या निर्णयासाठी आशूर त्याच्या तोंडी वादविवाद घालत नाहीत. मरियमाला आपण ओळखतो, आणि तिची कबर याच मातीत आहे, एवढे त्याला पुरते.