गाडीची माती, गणपतीची माती

आमच्या डेट्रॉइटला मातीकाम नवं नाही. हार्ले अर्ल १९२७ मध्ये जनरल मोटर्समध्ये आले आणि गाडीचा आकार आधी मातीत घडवून बघायची रीत तिथे रुजली. संगणक आले तरी ती गेलेली नाही. मंडळाचा गणपती करणारे आमचे काका याच धंद्यातले. सगळी नोकरी गाड्यांच्या दारांचं डिझाइन करण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी शाडू हातात घेतला.

पण गाड्यांच्या स्टुडिओतली माती तेला-मेणाची. गरम करून थापायची, वाळण्याचा प्रश्नच नाही. शाडूत पाणी. तो वाळताना आकसतो. कान आणि बोटं आधी सुकतात, पोट ओलंच राहतं, आणि जोडावर भेग पडते. त्यात मिशिगनमधलं हीटिंगचं घर, हवा कोरडीठाक. काका मूर्ती पाठीमागून कोरून पोकळ करतात, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. बोटांना ओल्या फडक्याच्या चिंध्या गुंडाळतात, वरून प्लास्टिक, आणि ते रोज थोडं थोडं उघडतात. इथवर इंजिनिअरिंग कामाला येतं.

डोळ्यांच्या आखणीला मात्र येत नाही. एका वर्षी त्यांनी दोन्ही डोळे कॅलिपरने मोजून तंतोतंत सारखे आखले. माप अचूक, पण नजर कुठेच लागेना. पुसून टाकले. मग कम्युनिटी कॉलेजात विशीतल्या पोरांशेजारी बसून चित्रकलेचे वर्ग केले. भारतात गेलो की आपण खरेदीला लक्ष्मी रोडला जातो. काका पेणच्या कारखान्यात आखणी करणाऱ्यांच्या मागे उभे राहतात. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर-संग्रहालय आहे, तिथली सिमेंटची म्हैस बघायला ते पुन्हा पुन्हा जातात. ‘तिच्या कातडीखाली हाडं कळतात,’ एवढंच सांगतात.

‘रिटायर झाल्यावर वेळ घालवायला काहीतरी हवंच’ हे वाक्य आरतीच्या रांगेत दरवर्षी ऐकू येतं. माझं मत विचाराल तर ते अडाणीपणाचं आहे. सकाळी न्याहारी करून बेसमेंटमध्ये उतरणारा, न जमलेली सोंड मोडून पुन्हा बसवणारा माणूस वेळ घालवत नसतो. आपण मात्र मूर्तीसमोर सेल्फी काढतो आणि मखराचं कौतुक करतो.

घरोघरी देता येतील म्हणून साचा करा, अशी सूचना कमिटीत आली होती. काकांनी साफ नकार दिला: ‘साच्यातला हवा असेल तर इंडियन ग्रोसरीत मिळतो, मी कशाला?’ ते मुलांसाठी कार्यशाळा घेतात, तिथेही साचा नाही. पहिला दिवस नुसता माती मळण्यात जातो. पालक कुरकुरतात, मुलं नाही.

यंदा त्यांना उभी मूर्ती करायची आहे. सगळा भार दोन पायांवर, त्यामुळे आतल्या आधाराचे कागदावर हिशोब चालू आहेत. माती भिजवायला, गाळायला माणसं हवी आहेत. गुडघे दुखत असले तरी चालेल, जुने कपडे घालून या.