'जाऊन येतो'

माकोतो शिनकाई यांच्या 'युअर नेम'मध्ये (२०१६) धूमकेतूचा तुकडा गावावर कोसळतो, पण काळ मागे फिरवून माणसं वाचवली जातात. ११ मार्च २०११च्या त्सुनामीत १८ हजारांहून अधिक लोक गमावलेल्या जपानला असं स्वप्न हवंहवंसं वाटणं समजू शकतं. मला मात्र ती पळवाट वाटते. 'सुझुमे'त (२०२२) शिनकाईंनी ती स्वतःच बंद केली. इथे वाहून गेलेली आई परत येत नाही. तिच्या लहानग्या मुलीच्या डायरीची पानं ११ मार्चपासून काळ्या रंगाने गिरबटलेली आहेत.

भूकंप घडवणारा तो आकाशभर पसरणारा किडा मला फारसा भावला नाही. प्रेमकथा तर घाईत उरकलेली. चित्रपटाचं बळ आहे ते ओसाड जागांमधल्या दारांत. ओस पडलेली शाळा, बंद पडलेलं करमणूक उद्यान. तिथलं दार लावायचं, तर तिथे कधीकाळी वावरलेल्या माणसांचे आवाज आधी ऐकावे लागतात. शेवटच्या दारापाशी ऐकू येते त्सुनामीच्या दिवसाची सकाळ: घराघरांतून 'इत्ते किमासु'. शब्दशः 'जाऊन येतो'. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे लहानपणापासून ऐकलेल्या मराठी प्रेक्षकाला इथे उपशीर्षक लागू नये. रोजचा, सवयीने तोंडातून निघणारा शब्द. त्या दिवशी हजारो घरांत तो खरा ठरला नाही. आईविना वाढलेली सुझुमे त्या जगाचं दार लावताना तोच शब्द उच्चारते.