माळ, मुगूट आणि धाव : पौलाच्या पत्रांतील क्रीडारूपक

ख्रिस्ती साधनेची क्रीडास्पर्धेशी केलेली तुलना प्रवचनांतून इतकी झिजली आहे की तिच्याकडे एक वाङ्मयीन रचना म्हणून पाहण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. धावपटू कष्ट घेतो, खाण्यापिण्यावर ताबा ठेवतो, तसेच श्रद्धावंताने करावे; एवढा बोध हाती लागला की रूपकाचे काम संपले, असे गृहीत धरले जाते. पौलाच्या पत्रांतील मूळ उतारे मात्र इतके सरळ नाहीत. त्यांतील रूपक ठिकठिकाणी अडखळते, मोडते. आणि ते जिथे मोडते तिथेच पौलाचे म्हणणे प्रकट होते. प्रवचनाची परंपरा साम्यावर भिस्त ठेवते, संहितेची भिस्त मात्र भेदावर आहे.

पौल इ.स. ५० ते ५२ च्या सुमारास करिंथमध्ये होता. डेल्फी येथील शिलालेखात रोमन प्रांताधिपती गल्लियो याचा जो उल्लेख सापडतो, त्यावरून ही कालनिश्चिती होते. करिंथपासून जवळच, इस्थमिया येथील पोसायडनच्या देवस्थानात दर दोन वर्षांनी खेळ भरत आणि त्यांची व्यवस्था या शहराकडे असे. ऑस्कर ब्रोनीर यांनी १९५२ पासून केलेल्या उत्खननात तेथील धावपट्टीच्या आरंभरेषेचे दगड, त्यांत कोरलेल्या खाचांसह, उजेडात आले. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी पौल धावणारे आणि मुष्टियोद्धे यांची भाषा वापरतो, तेव्हा वाचणाऱ्यांच्या दृष्टीने ती अलंकारिक नव्हती, शेजारची होती. यहुदी परंपरेत वाढलेल्या लेखकाने ती वापरावी, याला मात्र वेगळा अर्थ आहे. इ.स.पू. १७५ च्या सुमारास जेरुसलेममध्ये व्यायामशाळा उभी राहिली ती कर्मठांना धर्मभ्रष्टतेची खूण वाटली होती. मक्काबींच्या ग्रंथांत तो संताप नोंदलेला आहे. पुढे अलेक्झांड्रियाच्या फिलोने हीच क्रीडाप्रतिमा सद्गुणाच्या साधनेसाठी सढळपणे वापरली. पौलाच्या हाती ती आली तेव्हा ती बाटलेलीही होती आणि रुळलेलीही.

हा उतारा संदर्भातून सुटा काढून वाचण्याची सवय त्याच्या अर्थाला सर्वांत घातक ठरली आहे. आठव्या ते दहाव्या अध्यायांतील वाद मूर्तींना अर्पिलेल्या मांसाचा आहे. ज्यांना मूर्ती म्हणजे काहीच नव्हे हे कळले आहे, त्यांना ते मांस खाण्याची मोकळीक आहे. पण ज्यांचे मन अजून दुबळे आहे ते त्यामुळे ठेचाळतात. पौलाचे उत्तर असे की, हक्क असूनही तो सोडावा. दाखला म्हणून तो स्वतःचेच उदाहरण देतो : उपजीविकेसाठी मंडळीकडून मोबदला घेण्याचा अधिकार त्याला होता, तो त्याने वापरला नाही. दुबळ्यांसाठी दुबळे होण्याची ही भूमिका मांडून झाल्यावर धावपटू येतो. म्हणजे येथला संयम स्वतःला घडविण्यासाठी केलेला संयम नव्हे, तो दुसऱ्यासाठी सोडलेला हक्क आहे. व्हिक्टर फिट्झनर यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात हे रूपक स्टोइकांच्या नैतिक झुंजीपासून वेगळे काढून प्रेषिताच्या सेवाकार्याशी जोडले, त्याचे महत्त्व येथे आहे. धावपटू स्वतःच्या कीर्तीसाठी काही सोडतो. पौल जे सोडतो त्याचा लाभ दुसऱ्याच्या पदरी पडतो. उपमान आणि उपमेय यांची तोंडेच परस्परविरुद्ध दिशांना आहेत.

आपल्या काव्यशास्त्रात अशा रचनेला नाव आहे. उपमानाहून उपमेयाचे आधिक्य दाखविणारा तो व्यतिरेक, असे मम्मट सांगतो. ते नाशवंत माळेसाठी झटतात, आपण अविनाशी माळेसाठी, हे पौलाचे विधान नमुनेदार व्यतिरेक आहे. रूपकाच्या दोन अंगांमधील साम्याइतकाच त्यांच्यातील विसंवादही अर्थ घडवितो, हे आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये सांगितले. व्यतिरेकाच्या कल्पनेत ते बीजरूपाने आधीपासून होते. पौलाचा उतारा रूपक म्हणून वाचला की बोधकथा होते, व्यतिरेक म्हणून वाचला तर त्यातला उपहास ऐकू येतो. कारण इस्थमियाची माळ पाइनच्या फांद्यांची किंवा सेलरीच्या पाल्याची असे, आणि हा पाला वाळलेला असे. नेमिया येथील खेळांत ताजा पाला वापरत, तेवढाच फरक. विजेत्याच्या डोक्यावर ठेवतानाच जी कोमेजून गेलेली आहे अशा माळेसाठी एवढा आटापिटा, हे करिंथच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते.

मराठी अनुवादात हा उपहास विरतो. 'स्तेफानोस' या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलने 'मुगूट' हा शब्द घेतला. राजमुकुटासाठी ग्रीकमध्ये 'दिआदेमा' हा निराळा शब्द आहे, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात तो येतोही. मुगूट म्हटले की सोने, रत्ने आणि सिंहासन डोळ्यांपुढे येते. तो नाशवंत आहे हे मग तत्त्वज्ञान म्हणून मान्य करावे लागते, डोळ्यांना दिसत नाही. पाला वाळतो हे पोराटोरांना कळते. या निवडीचा एक लाभ मात्र नाकारता येत नाही. वधस्तंभाकडे नेण्यापूर्वी येशूच्या डोक्यावर जे काट्यांचे कडे चढविले गेले, त्यालाही शुभवर्तमानांत 'स्तेफानोस' हाच शब्द आहे. 'काट्यांचा मुगूट' आणि पौलाचा 'मुगूट' यांतील नाते मराठी वाचकाला म्हणून तरी सापडू शकते. 'माळ' म्हटले असते तर एक गोष्ट वाचली असती आणि दुसरी गेली असती.

रूपकाची खरी अडचण एकाच बक्षिसाची आहे. धावतात सगळे, बक्षीस एकालाच. हे पौल स्वतःच बोलून दाखवितो. ग्रीकांच्या माळेच्या खेळांत दुसऱ्या क्रमांकाला काहीही नसे. मग मंडळीतील एकाचे तारण व्हावे आणि बाकीच्यांनी हात हलवीत परतावे, असा अर्थ निघतो काय? पौल त्या टोकापर्यंत जात नाही. तुम्ही सर्व असे धावा की ते मिळेल, असे अनेकवचन वापरून तो शर्यतीच्या नियमालाच बगल देतो. तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र पौलाचे की त्याच्या शिष्यपरंपरेतील, हा वाद बाजूला ठेवला तरी त्यातही हीच दुरुस्ती दिसते. धाव संपविल्यावर राखून ठेवलेला मुगूट केवळ आपल्यालाच नव्हे, प्रभूच्या प्रकट होण्याची वाट पाहणाऱ्या सर्वांना मिळेल, असे तेथे मुद्दाम जोडले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अनाम लेखक आणखी पुढे जातो. तो साक्षीदारांच्या मेघाने वेढलेली धावपट्टी रंगवितो; पण त्याआधीच्या अध्यायाच्या शेवटी म्हणतो की, पूर्वी धावून गेलेल्यांची पूर्णता आपल्यावाचून व्हायची नव्हती. आधी पोहोचलेले मागून येणाऱ्यांसाठी खोळंबून राहिले आहेत! कोणत्याही क्रीडांगणात हे दृश्य हास्यास्पद ठरले असते. येथे तोच आशय आहे.

फिलिप्पैकरांच्या पत्रात मोड आणखी खोल जाते. मागचे विसरून पुढच्याकडे झेपावणारा धावपटू तेथे आहे. न्यिसाच्या ग्रेगरीने त्या झेपावण्यातून अखंड, कधीच न संपणाऱ्या प्रगतीची आपली कल्पना उभी केली. परंतु त्याच वाक्यसमूहात पौल सांगतो की, ज्याला आपण धरू पाहत आहोत त्याने आपल्याला आधीच धरले आहे. लक्ष्यानेच धावणाऱ्याला गाठले असेल तर शर्यत कसली? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तर धावणाऱ्यावर काहीच अवलंबून नाही, दया करणाऱ्या देवावर आहे, असे म्हणून त्याने हे रूपकच मिटविले आहे. प्रयत्न आणि कृपा यांचा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना पेच या दोन क्रियापदांत, धावणे आणि धरले जाणे यांत, मावलेला आहे.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच्या भाषेत 'धावणे' हे क्रियापद मुळातच देवाकडे वळलेले आहे. भक्त 'धावा' करतो, धावतो तो देव. गजेंद्र आणि द्रौपदी यांनी केवळ हाक मारली. आषाढीच्या वाटेवर वेळापूरजवळ वारकरी स्वतः धावतात तोही 'धावा'च, पण त्यात पहिला कोण आला हे कुणी विचारीत नाही. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या ना. वा. टिळकांच्या परंपरेला पौलाच्या शर्यतीपेक्षा हा धावा जवळचा वाटला तर त्यात नवल नाही. पौलाच्या उताऱ्यांतील मोडलेल्या जागा शर्यतीच्या बाजूने वाचल्या तर विसंगत वाटतात. धाव्याच्या बाजूने वाचल्या तर त्या सुसंगत होतात.

इ.स. २०३ मध्ये कार्थेज येथे मारल्या गेलेल्या पर्पेतुआच्या बंदिवासातील टिपणांत रूपक प्रत्यक्षाच्या आखाड्यात परतते. श्वापदांपुढे सोडले जाण्याच्या आदल्या दिवशी तिला स्वप्न पडते : ती पुरुष झाली आहे, तिच्या अंगाला तेल चोळले जात आहे, समोर एक इजिप्शियन मल्ल आहे, आणि सोनेरी सफरचंदांची हिरवी फांदी हाती घेतलेला प्रचंड पुरुष निवाडा करणार आहे. ती जिंकते आणि जीवनद्वाराकडे चालू लागते. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी ती मरते. संपादकाने पुढे जोडलेल्या वृत्तांतानुसार नवख्या ग्लॅडिएटरचा थरथरणारा हात तिनेच आपल्या गळ्याशी नेला. प्रेक्षकांनी जी हार पाहिली तिला तिने आदल्या रात्रीच जीत म्हणून लिहून ठेवले होते. पौलाच्या व्यतिरेकाचे याहून कठोर वाचन आढळत नाही. पुढे मठवासी तपस्व्यांना 'देवाचे मल्ल' म्हणण्याची प्रथा पडली आणि पराक्रम पुन्हा स्वतःच्या खात्यावर जमा होऊ लागला. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये तर १८५७ च्या 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज'च्या सुमारास खेळ हाच ख्रिस्ती सद्गुण ठरला, आणि रूपक उरलेच नाही.

या वारशाचा सर्वांत लोकप्रिय वंशज म्हणजे 'चॅरिअट्स ऑफ फायर' (१९८१) हा चित्रपट. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेलने शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे ती शर्यत सोडली आणि चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. चित्रपटात त्याला ही अडचण जहाजावर चढताना कळते. वस्तुतः ती त्याला काही महिने आधीच माहीत होती, आणि हक्क सोडण्याचा निर्णय नाट्याविना, दीर्घकाळ सोसून घेतलेला होता. पण चित्रपटाला विजय हवा असल्याने न धावलेली शर्यत ही धावलेल्या शर्यतीची प्रस्तावना होऊन बसते. पौलाच्या नवव्या अध्यायाशी नाते आहे ते न धावलेल्या शर्यतीचे. लिडेल १९२५ मध्ये धर्मोपदेशक म्हणून चीनला गेला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये वेइशियेनच्या जपानी नजरबंदी शिबिरात मेंदूतील गाठीने वारला. चित्रपट हे सारे अखेरच्या पाटीवर उरकतो. शिबिरातील सहवाशांच्या आठवणींत मात्र एक प्रसंग येतो. तेथील मुलांचे खेळ लिडेल पाहत असे, रविवार वगळून. मुलांनी रविवारी आपले आपण हॉकी खेळायला घेतली आणि पंच नसल्याने ती आपसात भांडू लागली. त्यानंतरच्या रविवारी लिडेल मैदानात उतरला आणि त्याने पंचाचे काम केले.