शालोम मनोरा : उंची आणि तिची किंमत

तेल-अवीवच्या हर्झल रस्त्याच्या टोकाला उभा असलेला शालोम मनोरा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मेईर बंधूंनी वडिलांच्या नावाने तो बांधविला आणि १९६५ साली तो पुरा झाला. यित्झाक पर्लस्टाईन व त्यांचे सहकारी हे त्याचे वास्तुशिल्पी. ३४ मजल्यांचा हा मनोरा १९९९ पर्यंत देशातील सर्वांत उंच इमारत होता.

त्याचे गुण आम्ही आधी सांगतो. अवघ्या सतरा वर्षांच्या राष्ट्राने एका छपराखाली कचेऱ्या आणि भले मोठे दुकान आणले, हे धाडसच होते. इमारतीला खोटी नक्षी नाही. कचेरी कचेरीसारखीच दिसते.

परंतु पायथा आणि मनोरा यांची एकमेकांशी ओळख नाही. खाली पसरट बाजार, वर सरळ उभी भिंत. भोवतालच्या जुन्या, बुटक्या घरांकडे तो बघतही नाही. लांबून तो खूण म्हणून उपयोगी पडतो. जवळ गेलेल्या माणसाला मात्र घटकाभर टेकावे असा ओटा देत नाही.

खरा प्रश्न जागेचा आहे. याच ठिकाणी १९०९ साली पायाभरणी झालेली हर्झलिया जिम्नॅशियमची इमारत होती. हिब्रूतून शिकविणारी ही पहिली माध्यमिक शाळा. हर्झल रस्ता आखला तोच तिच्याकडे तोंड करून. मनोऱ्यासाठी ती पाडली गेली. पुढे हळहळ इतकी वाढली की, १९८४ साली वारसास्थळांच्या जतनासाठी संस्था उभी राहिली तेव्हा याच शाळेचे उदाहरण सर्वांच्या तोंडी होते. मनोऱ्यात नाहुम गुटमन यांचे मोझेइक भित्तिचित्र आहे. त्यात जुन्या शहराची गोष्ट आहे. गुटमन त्याच शाळेचे विद्यार्थी. जे पाडले त्याची आठवण पाडणाऱ्याच्याच भिंतीवर!

म्हणून कोणी आता मनोराही पाडा म्हणेल, तर आम्ही विरोध करू. साठ वर्षांत तोही शहराच्या इतिहासाचा भाग झाला आहे, आणि एक चूक दुसरीने भरून निघत नाही.

वाचकहो, अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील आपली सिनेगॉग अजून उभी आहेत, पण मिन्यान जमविणारी कुटुंबे थोडी उरली. त्यांचे काय करायचे ते आज ठरवावे. इमारत गेल्यावर केलेल्या शोकाने एक वीटही परत येत नाही.